घरात पाहुणे आहेत

घनसावंगी,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. आम्ही दोघे इकडे ठीक आहोत. तुमची खुशाली कळवीत जावी.

रविवारी तू आईला फोनवर सांगितलेस की घरात पाहुणे आहेत, अण्णांना इतक्यात आणू नकोस. आईला कमी ऐकू येते, म्हणून फोन स्पीकरवर असतो, हे तुला ठाऊक आहे. मी ओट्यावरच बसलो होतो. माझे कान अजून शाबूत आहेत, राहिले आहे ते डोळ्यांचेच.

तर कळवायचे असे की, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी जालन्याच्या डॉक्टरांनी १९ तारीख दिली होती. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस धूळ टाळा, तपासणीला येत राहा, तेव्हा शहरातच कुणाकडे तरी थांबा, असे ते म्हणाले होते. कुणाकडे तरी म्हणजे तुझ्याकडे, असे मी आपले धरून चाललो. ते चुकले. आता दिवाळीनंतरची तारीख घेतो. तोवर डावा डोळा आहेच. परवा मी वर्तमानपत्र उलटे धरून बसलो होतो, असे आईचे म्हणणे आहे. पण माझ्या चुका काढायची तिला पहिल्यापासून हौस.

प्रेमरावांना जयभीम सांगावा. तुझ्या पाहुण्यांनाही सांगावा. माया आहे तेवढी राहू द्यावी.

तुझा,
तातेराव (अण्णा)

ता. क. दीपा, डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू लई पिकलाय, आणखी लांबवलं तर डोळा जाईल. हे तुझ्या अण्णांनी लिहिलं न्हाई, म्हणून मी लिहून राह्यले. काल तुझे अण्णा पायरीवरून पडता पडता वाचले. – आई

* * *

नवीन जालना,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णा व आई यांस,

दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि. तुमचे पत्र संपतच्या जीपने काल संध्याकाळी मिळाले. वाचून आधी रडले, मग हसले, मग पुन्हा रडले.

अण्णा, पाहुणे म्हणजे ढेकूण.

तुमच्याकडे फोन स्पीकरवर, ओट्यावर चहाला चार माणसे. इकडे माझ्या दारात खाली राहणाऱ्या घरमालकीण उषाबाई वाळलेले कपडे घेऊन उभ्या. ढेकूण हा शब्द काढू कसा? म्हणून आम्ही नवरा-बायकोने घरातल्या घरात पाहुणे हा शब्द ठरवला होता. पाहुणे दिसले का, पाहुणे कुठे लपले, असे आमचे चालते. आईला तो माहीत नाही, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

आले ते ह्यांच्या बॅगेतून. बियाण्याच्या कंपनीच्या कामाने हे महिन्यातले दहा दिवस कुठल्या ना कुठल्या लॉजवर. डिसेंबरात परत आले तेव्हा पाठीवर तीन-तीन गांधी ओळीने उठलेल्या. आम्हाला वाटले घामोळे. घामोळे डिसेंबरात कसे येईल, एवढाही विचार केला नाही. मग चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. बॅटरी घेऊन बघितले तर गादीच्या शिवणीत, पलंगाच्या स्क्रूच्या भोकांत, अगदी भिंतीवरच्या कॅलेंडरमागेसुद्धा. चादरी उकळल्या, गाद्या गच्चीवर तापवल्या. आठ दिवस बरे जातात, की पुन्हा तेच. आता हे लॉजवर गेले की आधी गादीचे कोपरे उचलून बघतात, बॅग पलंगावर ठेवत नाहीत, खुंटीला टांगतात, आणि घरी आले की कपडे बाहेरच गरम पाण्यात. पण हे शहाणपण जरा उशिरा आले.

फवारणीवाल्याला का बोलावत नाही, असे तुम्ही विचाराल. टाकी पाठीवर घेऊन तो जिना चढला की गल्लीला कळणार. या गल्लीत आपल्या समाजाचं घर एकच. तीन वर्षांपूर्वी खोली बघायला आलो तेव्हा उषाबाईंनी आडनाव विचारले, ह्यांनी ते सरळ सांगितले, आणि त्यांनी दोन दिवस विचार करून मग होकार दिला. ते दोन दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्या पायरीवर कधी केर दिसला नसेल. त्यांनी आता म्हणायचे की बघा, यांच्या घरात ढेकूण? खोली सोडायची वेळ आली तर पुन्हा तीच आडनावाची परीक्षा.

आणि ऑपरेशन झालेला डोळा घेऊन तुम्हाला मी त्या गादीवर निजवू? झोपेत खाजवताना हात डोळ्याला लागला तर? दहा-बारा दिवस द्या, अण्णा. तारीख दिवाळीपर्यंत ढकलू नका. राग धरा, पण माया कमी करू नका.

तुमची,
दीपमाला

* * *

घनसावंगी,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुझे पत्र भिंगातून दोनदा वाचले. तिसऱ्यांदा आईने वाचून दाखवले आणि ढेकूण हा शब्द एवढ्या मोठ्याने वाचला की सोमेश्वरच्या टपरीपर्यंत गेला असेल.

आता मी का बिघडलो ते सांगतो. हे तुला कधी सांगितले नव्हते. १९७९ साली मी चोवीस वर्षांचा, नवा मास्तर. बदलीच्या गावी खोली शोधत फिरलो. गावाचे नाव लिहीत नाही, तिथली पोरे आता आजोबा झाली. सात घरे पाहिली. आधी या बसा म्हणायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग म्हणायचे की मास्तर, खोली द्यायचीच होती, पण आमच्याकडं पाहुणे येऊन राह्यलेत. शाळेत जाता-येता मी सायकलवरून त्या खोल्यांकडे बघायचो. महिनाभर कुलूपच. शेवटी शाळेच्या सामानाच्या खोलीत चौदा महिने काढले. तिथे ढेकूण होते. त्यांनी आडनाव विचारले नाही.

तोच शब्द रविवारी तुझ्या तोंडून ऐकला. फोन झाल्यावर मी जेवलो नाही. तुझा दोष नाही, तुला काय माहीत. पण लागला तो लागला.

आता कामाचे. घरात कपाशीवरचे औषध बिलकुल मारायचे नाही, प्रेमरावांनाही बजाव. ढेकूण मरायच्या आधी माणसे दवाखान्यात जातात. पलंगाच्या सांध्यांत उकळते पाणी घाल, फळ्यांच्या फटी बुजव, पलंग भिंतीपासून हातभर ओढ. आणि माहितगार माणसाला बोलाव. एका खोलीतले मारून चालत नाही, ते भिंतीतून खालच्या घरात जातात आणि निवांत परत येतात. म्हणजे उषाबाईंना सांगावेच लागेल. तू घर चोळून पुसतेस ते कुणाच्या धाकाने, हे वाचून मला वाईट वाटले. असा धाक मी तुला शिकवला नव्हता.

माझी अट आहे. ज्या दिवशी तू उषाबाईंना तोंडावर सांगशील, त्या दिवशी मी पिशवी भरीन. नाही सांगितलेस तर १९ तारीख गेली. डोळ्याची गोष्ट अशी पणाला लावू नका असे आई म्हणते. म्हणू दे.

कळावे. हट्टी असलो तरी तुझाच बाप आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

तुझा,
अण्णा

* * *

नवीन जालना,
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णा व आई यांस,

सविनय जयभीम. वि. वि. सांगितले.

सोमवारी सकाळी उषाबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून एका दमात सांगून टाकले. त्या म्हणाल्या की असलं आमच्याकडं कधी झालंच न्हाई, तुमच्याकडूनच आले असतील. ज्याची भीती होती तेच. मी म्हणाले की हो, ह्यांच्या बॅगेतून आलेत, पण आता दोन्ही घरे एकाच दिवशी करावी लागतील. मी उठले नाही. शेवटी त्याच म्हणाल्या की मंग जल्दी बोलवा.

गुरुवारी माणूस आला. भारत नाव, कामाला बराबर. आमच्याकडचे झाल्यावर खाली गेला आणि उषाबाईंचा दिवाण उलटा केला. खालच्या फळीवर काळे डागच डाग, जुनी टरफले. तो म्हणाला की हे वर्षभराचे तरी आहेत, वरच्यांच्या आधीचे. खोटे कशाला सांगू, मला खूप काही बोलायचे होते. पण उषाबाई त्या दिवाणाकडे बघत इतक्या केविलवाण्या उभ्या होत्या की जमले नाही. संध्याकाळी माळ्यावरची लोखंडी कॉट काढून आमच्या दारात आणून ठेवली, तुझ्या वडिलांना होईल म्हणाल्या.

तर आता घर साफ आहे. मंगळवारी संपतच्या जीपने निघा, हे बसस्टँडवर घ्यायला येतील. कारणे सांगू नका. वाट बघते.

तुमची,
दीपमाला

* * *

घनसावंगी,
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. आम्ही परवा सुखरूप पोहोचलो. हे पत्र भिंगाशिवाय लिहितो आहे. ओळी सरळ आल्यात की नाही बघ. ओट्यावरून मारुतीच्या देवळामागची लिंबाची झाडे एकेक मोजता येतात. आईच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या आहेत हे मला माहीत नव्हते. तसे तिला म्हणालो, तर सकाळपासून चहा मिळालेला नाही.

आता जे तिथे बोललो नाही ते लिहितो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि तू डोळ्यात औषधाचे थेंब घालायला वाकलीस. लांब बाहीचा कुर्ता होता, उन्हे तापायला लागलीत तरी. बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत गांधी, तीन-तीन ओळीने. आधी वाटले नव्या डोळ्याचाच काही दोष असेल. मग आईच्या हाताकडे बघितले, तो साफ होता.

मला आणि आईला तू पुढच्या खोलीत ठेवलेस, मला लोखंडी कॉट, आईला नवी सतरंजी. कॉटच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. मुंग्यांसाठी आहेत म्हणालीस, मी मान डोलावली. तू आणि प्रेमराव आतल्या पलंगावर. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी भारत दुसऱ्या फवारणीला आला, तेव्हा तू बाजारात गेली होतीस. त्याने मला सांगितले की पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, पंधरा दिवस नवे निघत राहतात आणि चावतात, हे ताईंना पहिल्याच दिवशी सांगून गेल्तो. म्हणजे घर साफ आहे असे तू लिहिलेस तेव्हा ते साफ नव्हते, आणि तुला ते ठाऊक होते.

दहा दिवस, दिवसातून सहा वेळा, तो हात माझ्या चेहऱ्यावरून गेला. मी विचारले नाही. विचारले असते तर तू खरे बोलली असतीस, मग मला पिशवी उचलून निघावे लागले असते. आणि मला लेकीच्या घरी राहायचे होते.

माझे चुकले, दीपा. त्या सात घरांवरचा राग मी सेहेचाळीस वर्षे जपून ठेवला आणि काढला तो तुझ्यावर. पुन्हा बापाला दारातून परत पाठवले असे मला वाटू नये, म्हणून तू अंग सोलून घेतलेस.

डाव्या डोळ्याची तारीख ९ एप्रिल आहे. त्याआधी घर नीट बघ. एकही दिसला तर फोन कर आणि ढेकूण आहेत असे मोठ्याने सांग. ओट्यावर कोण बसलेय याची फिकीर करू नकोस. मी थांबेन, आणि रागावणार नाही.

हातांना खोबरेल लावत जा. प्रेमरावांच्या पाठीलाही.

तुझा,
अण्णा