उत्तर बुरुजावरचा पिवळा डबा

सोमवार, ६. सकाळी ११.

भेट पक्की झाली. प्रयोगशाळेच्या सेक्रेटरीबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं : गुरुवारी दुपारी चार, तिसरा मजला. म्हणजे तोवरचे दिवस मोकळे. मोकळे म्हणजे अभ्यासाला.

इथे कशासाठी आलो ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे मनात गोंधळ नको. माझा विषय : जुन्या भिंतींत चढणारी ओल. या गावातल्या प्रयोगशाळेच्या संचालिका (यापुढे नुसतं ‘बाई’) यांच्यापुढे या विषयात कोणी नाही. त्यांच्याशी आमच्या कॉलेजचा पाच वर्षांचा संशोधन-करार करायचा. त्यांची सही आणली की साहेब निवृत्त झाल्यावर विभागप्रमुखाची खुर्ची माझी. साहेबांनी तसं तोंडावर सांगितलंय. नाही आणली तर खुर्ची चष्म्याला. चष्मा म्हणजे आमच्याच विभागातला जाड भिंगवाला; माझ्याहून ज्युनिअर आहे आणि दिवसभर लॅबमध्ये असतो. त्याला दुसरीकडे कोणी बोलावत नसावं.

सौ. स्वखर्चाने सोबत. तिचं म्हणणं, आपल्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे पडतायत ते आधी बघा, मग जगाची ओल काढा. घरगुती ओल आणि शास्त्रीय ओल यांतला फरक तिला पुन्हा एकदा समजावून सांगितला. ती झोपली होती.

संकल्प : पहाटे उठणे. वाचन. कराराचा मसुदा पूर्ण. मग पर्यटन, तेही अभ्यासाच्या नजरेने.

मंगळवार, ७.

साडेनऊला जाग. विमानप्रवासाने शरीराचं घड्याळ बिघडतं, हे शास्त्र आहे. सौ.चं बिघडलं नाही. मी उठेपर्यंत तिने चौकात जाऊन ब्रेड, अंडी आणि गावाचा नकाशा आणला होता.

खोली एवढीशी. सुटकेस उघडली की दार उघडत नाही, आणि दार उघडायचं तर सुटकेस मिटून पलंगावर घ्यावी लागते. खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. सौ. म्हणाली, घ्या, तुमचाच विषय. बघितली. कोरडी आहे.

केबल कार, बाजार, म्युझियम. म्युझियमच्या तळघरात ओल असणार असा माझा अंदाज. पण तिथे रांग होती.

मसुदा उद्या.

बुधवार, ८. संध्याकाळी.

किल्ला पाहिला. आजचा दिवस पूर्णपणे संशोधनाचा धरायला हरकत नाही, कारण किल्ल्याला भिंती आहेत.

उत्तर बुरुजावरून खाली तळं दिसतं. काय देखावा! तिथे फोटो काढून घ्यायचं ठरवलं, तर नेमका माझ्या खांद्यापाशी भिंतीवर एक पिवळा डबा. साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा. एवढं पुरातन बांधकाम आणि त्यावर हा स्विचबोर्ड! सौंदर्यदृष्टी म्हणून काही असते की नाही? जरा ओढला, तर निघाला. मागे दोन सुया होत्या, दगडांच्या सांध्यात खुपसलेल्या. सौ. ओरडली, अहो, राहू द्या, कुणाचं तरी असेल. म्हटलं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. आणि ही बया फोटो काढतेय तो मी डबा उपटतानाचा!

नंतरचे फोटो उत्तम आले. डबा परत लावायला गेलो, बसेना. सुया वाकल्या होत्या. निकृष्ट माल. कठड्यामागच्या गवतात नीट उभा ठेवला. आपल्यामुळे कुणाला त्रास नको.

गुरुवार, ९. दुपारी १.

भेट रद्द! परदेशात वेळेला किंमत असते म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं.

सेक्रेटरीबाई फोनवर घाबऱ्याघुबऱ्या. किल्ल्याच्या उत्तर बुरुजाची भिंत काल दुपारी एका क्षणात कोरडी झाली असं त्यांचं यंत्र सांगतंय म्हणे. बाई सगळं टाकून तिकडे धावल्या. मी सुचवलं, आधी प्लग बघा. आमच्याकडे बहुतेक वेळा प्लगच निघालेला असतो. त्यांनी आभार मानले.

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, तो डबा. म्हटलं, कुठला डबा? ती म्हणाली, अहो, तो डबा! तिला समजावलं की बाईंसारख्या व्यक्तीचं यंत्र लॅबमध्ये काचेआड असतं, तळ्याकाठी उन्हातान्हात नसतं. या क्षेत्रात आयुष्य घालवलंय मी. यंत्र बघितलं की ओळखतो.

ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगून टाका. काय सांगू? स्विचबोर्ड हलवला म्हणून?

संध्याकाळी ६.

अचानक लक्षात आलं. भिंत एका क्षणात कोरडी होणं ही अभूतपूर्व घटना आहे. आणि त्या वेळी तिथे या विषयातला एकच तज्ज्ञ हजर होता. मी! याला म्हणतात योग. ‘आकस्मिक शुष्कता’ असं नाव ठेवलं आहे. चष्मा जन्मभर लॅबमध्ये बसला तरी त्याला असलं काही दिसणार नाही.

कराराचा मसुदा बाजूला ठेवून सिद्धान्ताला लागलो. मथळा झाला.

शुक्रवार, १०.

प्रयोगशाळेने आज सकाळची वेळ देऊ केली होती. पण धबधब्याच्या बसची तिकिटं काढलेली. शिवाय पडतं पाणी आणि दगड यांचा संबंध तपासणं सिद्धान्ताला आवश्यक. सोमवारची वेळ मागून घेतली. धबधबा चांगला आहे. भिजलो.

सौ. आली नाही. ती एकटीच किल्ल्यावर जाऊन आली. सांगत होती, बुरुजावर चार माणसं भिंतीपुढे गुडघे टेकून बसली होती आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई तो डबा मांडीवर घेऊन कठड्यावर बसल्या होत्या. सौ.ला बघवलं नाही. विचारलं, तू काही बोलली नाहीस ना? म्हणाली, मी कशाला बोलू, हात तुमचे होते.

गुडघे टेकून! प्रत्येक देशात भाविक मंडळी असतात.

शनिवार, ११.

साहेबांचा मेसेज : स्टेटसवरचे फोटो बघतोय, छान हिंडताय. काम करतानाचा एखादा असेल तर पाठवा, चष्मा रोज चौकशी करतो.

सगळे फोटो चाळले. केबल कार, पुतळा, आइस्क्रीम, मी आणि धबधबा, नुसता मी. हातात काही तांत्रिक वस्तू असलेला एकच : सौ.ने काढलेला, डबा उपटतानाचा. चेहऱ्यावर एकाग्रताही आहे. तोच पाठवला. खाली लिहिलं : ‘किल्ल्याच्या उत्तर बुरुजावर ओलमापक यंत्र हाताळताना.’

सौ. म्हणाली, आता मात्र कमाल झाली. खोटं म्हणून लिहिलंत आणि नेमकं खरं लिहिलंत. तिच्या बोलण्याचा अर्थ हल्ली लागत नाही. हवा मानवत नसावी.

रविवार, १२.

साहेब बेहद्द खूश. फोटो कॉलेजच्या वेबसाइटवर! शिवाय त्यांनी तो बाईंनाही पाठवला, स्वतःच्या सहीच्या पत्रासकट : आपलं मौल्यवान यंत्र आमच्या प्राध्यापकांना हाताळू दिल्याबद्दल आभारी आहोत.

सौ.ला वाचून दाखवलं. ती पलंगावर बसली आणि बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, उद्या मीही येते. तुम्हाला एकट्याला नाही सोडवत.

सिद्धान्ताची दोन पानं झाली. मसुदा टॅक्सीत करीन.

सोमवार, १३. संध्याकाळी.

बाई वेळेवर होत्या. बुटक्या, केस पांढरे, हातात रबरी मोजे. मागे पाण्याच्या ट्रेमध्ये विटा उभ्या करून ठेवलेल्या. ओल कुठवर चढली त्याच्या पेन्सिलने रेघा. मी वेळ न दवडता ‘आकस्मिक शुष्कता’ मांडायला घेतली. बाईंनी मधे तोडलं नाही. पार शेवटपर्यंत ऐकलं. मग टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला.

फोटो होता. मोठा करून छापलेला. मी होतो, डबा होता, दोन्ही सुया होत्या. सौ.चा फोन चांगला आहे.

बाई हळू आवाजात बोलल्या. डबा तीन वर्षं त्या भिंतीत होता. भिंत तळ्यातलं पाणी किती ओढते ते त्यावरून कळणार होतं, आणि बुरूज उतरवायचा की ठेवायचा तेही. आता पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला ते काय वाटलं? म्हटलं, स्विचबोर्ड. त्यांनी विचारलं, या विषयात तुम्ही किती वर्षं आहात? मी सांगितलं. त्यांनी मोजे काढले आणि पुन्हा घातले.

करार होईल म्हणाल्या. कॉलेजशी. पत्रव्यवहार मात्र चष्म्याशीच ठेवतील. तो गेलं वर्षभर त्यांना प्रश्न विचारतोय म्हणे, आणि प्रश्न बरे असतात. कराराचा मसुदाही त्यानेच पाठवलाय. सही झाली.

मी सिद्धान्ताची पानं गोळा केली. सौ.च बोलली. म्हणाली, बाई, चूक झाली, यांना समजलं नाही. एवढं म्हणून थांबेल तर ना! पाठोपाठ बेडरूमच्या पोपड्यांचं विचारलं. बाईंनी कागदावर भिंत काढून तिला दाखवलं. बाथरूमच्या बाजूचा पाईप. पंधरा वर्षं मी हवामान म्हणत होतो.

उद्याचं बोटीचं तिकीट सौ. एकटी वापरेल. मला सकाळी आठला बुरुजावर हजर राहायचं आहे. डबा पुन्हा बसवायचाय; सांध्यातला चुना धरेपर्यंत कुणीतरी तो हाताने दाबून उभं राहावं लागतं, आणि बाईंना त्यांची माणसं त्यात अडकवायची नाहीत. दुपार होईल म्हणाल्या. हलायचं नाही.

बोट बुरुजाखालूनच जाते. सौ. म्हणाली, मी हात करीन, तुम्ही करू नका.

साहेबांचा मेसेज आलाय : उद्याही फोटो पाठवा.