डळमळीत यादीतले घर

करडी, जि. भंडारा
गुरुवार, २७ डिसेंबर १९७९

ती. तुलारामभाऊ यांच्या पायांशी टिकारामचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल असून तिकडे तुम्ही, देवकावहिनी आणि चिखला खाणीवरची थंडी आपापल्या जागी ठीक असाल असे धरून चालतो. तुमचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही खाणीतल्या धुळीला दोष दिला होता आणि वहिनींनी खाली दोन ओळी लिहून विडीला दिला होता. (मी वहिनींच्या बाजूचा आहे.) आमच्याकडे आईची कंबर दर हिवाळ्यात धरते तशी धरली आहे. धान बरे झाले, निम्मे चुरून, मळणी उरकून घरात आले, निम्मे खळ्यावर आहे. तुमची बहीण सुलोचना तब्येतीने उत्तम असून माझ्यावर नाराज आहे. तिच्या नाराजीचे मूळ तुमच्यापर्यंत जाते, म्हणून हे पत्र लांबणार आहे. निवांत बसून वाचावे.

तुम्हाला ठाऊकच आहे की पुढच्या आठवड्यात दिल्लीची निवडणूक आहे. मागच्या वेळी आपल्या भागातला निकाल म्हणे अगदी थोडक्यात लागला. (हे 'म्हणे' पक्षवाल्यांचे आहे, मी मोजायला गेलो नव्हतो.) म्हणून या खेपेस दोन्ही पक्षांच्या शहाण्या माणसांनी मतदारयाद्या पुढ्यात घेऊन गावांचे तीन भाग पाडले: आपली गावे, गेलेली गावे आणि डळमळीत गावे. आपल्या गावात जायची गरज नाही, गेलेल्यात जाऊन उपयोग नाही, त्यामुळे सगळ्या जीपा डळमळीत गावांत फिरतात. करडी डळमळीत निघाली. करडीत आमची गल्ली डळमळीत आणि गल्लीत आमचे घर सर्वांत जास्त, कारण इथे एका चुलीवर नऊ मते जेवतात आणि मागच्या वेळी मी दोन्ही पक्षांना हो म्हणालो होतो. त्यात माझी लबाडी नव्हती. उन्हातून आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसे म्हणायचे? मला ते जमत नाही, हे तुम्ही माझ्या लग्नाच्या बोलण्यांतच पाहिले आहे.

भाऊ, खोटे कशाला बोलू, हा महिना माझा फार सुखात गेला. ज्या टिकारामला गावच्या बैठकीत कोणी सरकून जागा देत नाही, त्याच्या अंगणात रोज जीप थांबते, मोठमोठी माणसे बाजेवर बसून आईच्या कमरेची चौकशी करतात आणि मला 'टिकारामजी' म्हणतात. एका पक्षाचा ईश्वर पानठेलेवाला तर मी न मागता पान लावून आणतो. हळूहळू मला कळले की ही सारी इज्जत 'हो' म्हणेपर्यंतच आहे. मग मी मान थोडी तिरपी ठेवायला शिकलो, उत्तर द्यायला उशीर लावू लागलो, आणि समोरच्याने हात जोडले की आपले हात मांडीखाली दाबून ठेवू लागलो. चाळीस-बेचाळीस वर्षांत जे जमले नव्हते ते दोन जीपांनी पंधरा दिवसांत शिकवले. सुलोचना म्हणे की हा माणूस धान चुरायचे सोडून मते चुरत बसला आहे. तिकडे मी लक्ष दिले नाही.

आता रविवारची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास एक जीप आली. पुढे पक्षाचा कागद चिकटवलेला, बॉनेटवर झेंडी. आतून पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसे आणि एक बाई उतरली. (हल्ली दोन्ही पक्ष बायामाणसांना वळवायला बाई सोबत आणतात.) ही तुम्ही पाठवलेली मंडळी आहेत, तुमच्या खाणीतले टाइमकीपर धनीरामजी, त्यांचे भाऊ आणि मुलाची आई रंभाबाई हे आपल्या वच्छलाला पाहायला आले आहेत, असे माझ्या स्वप्नातही कसे येणार? एक तर पौष लागलेला. पौषात मुलगी पाहायला कोण निघतो? (त्यांचे म्हणणे असे की पौषात ठरवू नये, पाहायला हरकत नाही, आणि ठेकेदाराची जीप प्रचारासाठी इकडे येतच होती.) आणि दुसरे म्हणजे, भाऊ, तुम्ही मला कळवले नाही. दोन ओळींचे कार्ड टाकायला काय झाले होते? तीन ठिकाणांहून नकार आलेली मुलगी, एकवीस वर्षांची, तिच्या जन्माचा प्रश्न, आणि मामा असून तुम्ही पाहुणे असे न सांगता धाडता? हे मला लागले, म्हणून स्पष्ट लिहितो.

असो. मी त्यांना बाजेवर बसवले, हात मांडीखाली घातले आणि मान तिरपी केली. धनीरामजींनी घरात माणसे किती हे विचारले. पक्षवाले हेच विचारतात. शेती किती, भाऊ एकत्र राहतात का, घरात शब्द कोणाचा चालतो, हेही विचारले, आणि तेही पक्षवाले विचारतात. आणखी कोणी येऊन गेले का, असे त्यांनी जरा चाचरत विचारले. मी सांगितले की रोज येतात, कालच दोन जीपा येऊन गेल्या, आम्ही सर्वांना चहा पाजतो, शब्द कोणालाच दिलेला नाही. धनीरामजींनी भावाकडे पाहिले. मग मी विचारले की ते सगळे राहू द्या, तुम्ही आम्हाला काय देणार? मुलाच्या बापाला हे आजवर कोणी विचारले नसावे. तेव्हा मीच सुचवले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो, तिथे एक मोरी बांधून द्या, मग पुढचे बोलू. धनीरामजी गल्लीच्या तोंडाकडे एकवार पाहून म्हणाले, "मोरी आमच्यानं होनार नाही जी. पोरगा मात्र चांगला हाय."

पोरगा म्हणजे उमेदवार असे मी धरले, आणि मला त्या माणसाचा खरेपणा आवडला. इतक्या दिवसांत मोरीला नाही म्हणणारा हा पहिलाच. त्यामुळे मी जरा सैल झालो आणि म्हटले की घरात एक नवे मत यंदाच यादीत चढले आहे, तिला तुम्हीच विचारा, मी तिच्या मतात पडत नाही. आणि वच्छलाला हाक मारली. ती चहा घेऊन आली, कपबशा दिल्या आणि आत न जाता वेताच्या मोढ्यावर बसली. रंभाबाईंनी तिला नाव विचारले. तिने ते सांगितले आणि मग उलट विचारले की मुलगा दारू पितो का, त्याची पाळी दिवसाची की रात्रीची, आणि मला बालवाडीतले शिकवणे सोडावे लागेल का. मी खुशीने मान हलवत होतो. उमेदवाराला दारूबद्दल विचारणारी आणि बालवाडीची हमी आधीच घेणारी मुलगी गावात दुसरी कोणती आहे? पाळीचे मला कळले नाही, पण दिल्लीत काय चालते आपल्याला काय ठाऊक, म्हणून सोडून दिले.

एवढ्यात रंभाबाईंनी पिशवीतून नारळ, खण आणि कुंकवाची पुडी काढली. पक्ष आता नारळही वाटू लागले, असे मी म्हणणार होतो, तोच सुलोचना अंगाला भुसा लागलेला तसाच घेऊन खळ्यावरून आली. तिने खण पाहिला, वच्छलाला मोढ्यावर बसलेली पाहिले, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काहून जी, हे पोरगी पाहाले आले, तुमाले समजलं नाही काय?" भाऊ, पुढचे मला नीट आठवत नाही. मांडीखालचे हात मुंग्या येऊन उचलेनात, नाही तर मी तिथेच त्यांच्या पायांवर पडलो असतो.

धनीरामजींना सगळा प्रकार कळला तेव्हा ते इतके हसले की कप खाली ठेवावा लागला. जाताना म्हणाले, "आमी चार ठिकानी पोरी पाह्यल्या. पोरगी काय बोलते थे इथंच आयकाले भेटलं. येत्या रविवारी पोराले घेऊन येतो, त्यालेच उत्तरं देऊ द्या." रंभाबाईंनी वच्छलाची ओटी भरली. आई म्हणते पौषात भरलेली ओटी मोजायची नाही, पण खण तिने स्वतःच पेटीत नीट ठेवला आहे. मी मात्र चार दिवस जेवलेलो नाही. (म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही.) दोष तुमच्या न आलेल्या कार्डाचा आहे, हे पुन्हा लिहितो. देवकावहिनींना नमस्कार.

तुमचा,
टिकाराम

ता.क. घरातली नऊ मते अजून डळमळीतच आहेत. सुलोचना म्हणते तिचे ती पाहून घेईल.

ता.क. दुसरे. वर तुम्हाला जे बोललो ते सगळे परत घेतो. हे पत्र पाकिटात घालायला वच्छलाकडे दिले, तर तिने ते वाचले, आत गेली आणि तुमचे कार्ड आणून माझ्या पुढ्यात ठेवले. १७ तारखेचे. रविवारच्या तीन दिवस आधीच आले होते आणि तिने लपवून ठेवले होते. मी रागावलो. ती म्हणाली, "बाबा, तुमाले सांगतलं असतं त तुमी पुन्हा हात जोडून उभे राह्यले असते. तीन खेपा दाराआडून पाह्यलं म्या. आता पाह्यवत नाही." मी अंगणात जाऊन उगाच जनावरांना पाणी दाखवून आलो.

ता.क. तिसरे, आणि पत्र खरे तर यासाठी समजावे. मुलगा तिला पसंत पडेल असे दिसते, निदान आज तिची वेणी दोनदा घातली गेली. रविवारी तुम्ही सकाळच्या एसटीने नक्की या आणि बाजेवर मला अगदी लागून बसा. माझे हात वर येऊ लागले की कोणाला दिसणार नाही असे धरून ठेवा.