तरुण ठरवलेली दीर्घिका

गारुत, ३ मार्च
चि. रेंगानिस हिस अनेक आशीर्वाद.

तुमच्या नातविजया सरांनी अवघ्या दोनशे कोटी वर्षांची कोवळी दीर्घिका शोधल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. फोटोत दीर्घिका तांदळाएवढी आणि सर पानभर! संस्थेत पिवळ्या भाताचा डोंगर रचून जेवणावळ घातलीत, मानाचा शेंडा सरांच्याच ताटात. छान. बारशाआधी जन्मतारीख कुणी पडताळली का, एवढंच या निवृत्त मास्तराला विचारायचंय. तुझी डॉक्टरेटची तोंडी परीक्षा जूनमध्ये ना? तुझी आई गल्लीभर सांगत सुटली आहे.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
सुकांदारमामा

बांडुंग, ११ मार्च
ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही थट्टेत विचारलंत. मी खरंच पडताळलं आणि जेवण जाईना. वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठळक दिसल्या, म्हणून आम्ही तारे तरुण ठरवले. पण काही तारे म्हातारपणी पुन्हा तापतात आणि तशाच रेषा उमटवतात. जुळवून पाहायच्या आमच्या नमुन्यांत असे म्हातारे नव्हतेच. गणित बिचारं तरुणच म्हणणार! कॅल्शियमच्या रेषांनी बिंग फोडलं. दीर्घिका हजार कोटी वर्षांची आहे.

सरांना सांगितलं. ते हसून म्हणाले, पोरी, जेवणं झाली, आता तांदूळ निवडू नयेत. प्रबंधात दोनशे कोटीच राहू दे, परीक्षेनंतर बघू. त्यांच्या सहीशिवाय परीक्षा नाही. काय करू?

आपली,
रेंगानिस

गारुत, १६ मार्च
चि. रेंगानिस हिस आशीर्वाद.

ऐक की सरांचं! आज तारे तरुण केले, उद्या सरांचे केसही काळे करा. गप्प बसलीस तर लोक तुला डॉक्टर म्हणतील. मीही म्हणेन, दर वेळी, मोठ्यानं, चारचौघांत. तेवढी शिक्षा पुरे. शिक्षकांच्या सभांत तीस वर्षं गरजलो, मला दुसरं येत नाही. पण परीक्षा तुझी जायची आहे, माझी नाही. तेव्हा हे भाषण समज, हुकूम नव्हे.

मामा

बांडुंग, ९ एप्रिल
ती. मामांस सा. न. वि. वि.

संस्थेतल्या शुक्रवारच्या चर्चेत सगळ्यांसमोर दोन्ही जुळण्या दाखवल्या, म्हातारे तारे वगळून आणि धरून. वडीलधाऱ्याला तोंडावर चुकलात म्हणणारी आपल्याकडे मीच पहिली असेन. सगळे आपापल्या चपला न्याहाळत होते. सर गोड आवाजात म्हणाले, मुलगी हुशार आहे, जरा घाई करते. सही केली नाही. परीक्षा आता पुढच्या वर्षी, तीही नवे मार्गदर्शक मिळाले तर.

प्रबंधात हजार कोटीच लिहिलंय. एका वर्षानं दीर्घिकेला काही फरक पडत नाही, मामा. मला पडतो. आईला अजून सांगितलेलं नाही. ते काम तुमच्याकडे. भाषण नको, नुसतं सांगा.

माया होती तेवढीच ठेवावी.
आपली भाची,
रेंगानिस