शेकायला दुसरा हात

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, मेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत. फोनवर तू कायम घाईत, आणि मी बोलायला लागले की तुझं जेवण निवतं, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं आहे, ते शाळेचं पाप नाही, खांद्याचं आहे. माळ्यावरून एक बोजा उतरवत होते, तो अंगावर आला आणि उजव्या खांद्यातली दोरी ओढली गेली. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते म्हणे आत. सत्तर वर्षं गुमान राबली, तेव्हा तिचा पत्ताही नव्हता मला.

मी शहाणी, त्याच दिवशी तव्यावर फडकं तापवून चांगलं शेकलं. सकाळी खांदा टम्म. दवाखान्यात शेक देणारी पोरगी आहे, तुझ्याच वयाची, तिने मला असं झापलं की तुझ्या आजोबांचीही कधी हिंमत झाली नसती. ताज्या सुजेला थंड लावायचं, गरम मागाहून. सूज उतरली तेव्हा तिने शेक सुरू केला. उकळत्या पाण्याच्या टाकीतून चिमट्याने एक जड पिशवी काढते, टॉवेलात गुंडाळते आणि खांद्यामागे बसवते. ऊब हळूहळू आत उतरते. मग उठून भिंतीवर बोटं चालवायची, जमेल तितकी वर. त्या पिवळ्या भिंतीवर माझ्या बोटांची पायवाट पडली असेल आता.

पडद्यापलीकडे एक शिंपी असतो, कोपर धरलेला. त्याची बायको त्याला सारखी विचारते, फार गरम नाही ना, टॉवेल वाढवू का. तो नुसता हं हं करतो. मला इतका राग येतो त्याचा. अरे, विचारतेय तर नीट सांग की बाबा. घरी माझा फ्रिज तेवढा गुरगुरतो. त्यालाच मी गप्प बस म्हणते, आणि तो खरंच गप्प बसला की पुन्हा सुरू व्हायची वाट बघते.

आता मुद्द्याचं. काल पोरगी म्हणाली, इथे यायची गरज संपली, घरीच शेक घ्या. पण पिशवी मागे बसवायला दुसरा हात लागतो. तिच्यावर टेकून एकट्याने पडायचं नाही, डोळा लागला तर कातडी भाजते. घरी कोण आहे, तिने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “नात आहे की.” ती खूश. म्हणाली, “मग पुढच्या शुक्रवारी घेऊन या आजी, मी तिला शिकवते.” आता शुक्रवार येतोय, आणि नात काही भाड्याने मिळत नाही.

आणि तो बोजा म्हणजे तुझी गादी होती. सुट्टीत येते म्हणालीस, म्हणून उन्हात टाकायला काढली. मग तुझं काम निघालं. निघतात कामं. गादी अजून खालीच आहे, भिंतीला टेकून, येता-जाता ठेच लागते. माझ्याने ती वर चढत नाही. चढवायची असेल तर तू ये, अंथरायची असेल तरी तूच ये.

तुझीच, डाव्या हाताने दार उघडणारी,
आजी