जलकुंभी गेली कुठी?

गोंडपिपरी तालुका,
दि. १६ जानेवारी

प्रिय सुरेंद्र,

आम्ही इथी बरे आहोत, तुमीही असाल. डिंपलले अन् लेकराले माया सांग. तू फोन उचलून नाई राह्यला, म्हणून तुझ्या ड्रायव्हरच्या, जंगूच्या, हाती हा कागद देते. त्यानं वाटेत वाचला तरी वाचू दे.

तलावाचं पाणी सुधरून राह्यलं म्हणते प्रकल्पाची मयुरी मॅडम. तलावातल्या जलकुंभीच्या मुळांनी पाण्यातलं शिसं ओढून घेतलं. आता ती झाडं वेळेवर काढून खड्ड्यात पुरा, जनावरालेही देऊ नका, असं बजावते. तुझे भाऊजी अजून मजुरीलेच जातात, जाळं खुंटीले आहे. पुन्हा मासोळी धरता येईल म्हणून सारे ढिवर थांबून आहेत.

झाडं काढायचं काम तुले भेटलं तेव्हा मले किती बरं वाटलं होतं.

पण खड्डा गोंडपिपरीच्या वाटेवर, अन् तुझा ट्रॅक्टर वळते माझ्या माहेराकडं. जंगूले विचारलं, "काऊन रे, इकडून कुठी?" म्हणे, "डिझेल भराले." त्या रस्त्याले पंप आहे कुठी?

संक्रांतीच्या तिळगुळाचं निमित्त करून मी आईकडं गेली. वाडीत वांगी कमरेएवढी. आई खुशीत. "सुरेंद्रनं तलावाचं खत टाकलं व माय, पाह्य कशी लागली!" मातीत मुळं अजून कुजली नव्हती. मी ओळखली.

"आई, हे खाऊ नको."

"भावाचं चांगलं पाहवत नाई का तुले?"

तिनं दिलेली वांग्यांची पिशवी मी वाटेतच पुरली, माझ्या लेकीले, आचलले, दाखवली नाई. मग तुले फोन लावत राह्यली. वाटलं, तू काई तरी सांगशील, अन् मी ते खरं मानीन.

आज सभेत मॅडमनं विचारलं, "खड्ड्यात झाडं कमी दिसतात. जातात कुठं?" सारे माझ्याकडंच पाहून राह्यले होते. तुझे भाऊजीसुद्धा. मी उठली अन् तुझं नाव घेतलं.

उद्या मॅडम वाडीतली माती घ्याले येते. तिच्या आधी तू आईकडं पोच. माझं ती ऐकत नाई, तुझं ऐकते. रोज तीच वांगी रांधते, बाबू.

माझ्यावर रागाव. पण जा.

तुझं नाव सांगणारी,
तुझीच मोठी बहीण
गोकुळा