चारशे बारा सह्यांची एक हरकत

३ मार्च, मंगळवार

चारशे बारा माणसं मिळून एक कशी होतात? आईनं विचारलं. तोंडात चिमटा, हातात ओली चादर. मग चिमटा काढून परत विचारलं, "सांग ना. तू शिकलीस ना?"

पालिकेच्या फळ्यावर आज नव्या विकास आराखड्यावरच्या हरकतींची यादी लागली. आमची अठरावी. "कपडे वाळवण्याचे मैदान. हरकतींची संख्या : एक."

एक!

चारशे बारा कागद मी स्वतः दोन खेपा करून आवक विभागात दिले होते. प्रत्येकावर वेगळी सही, वेगळा अंगठा. तिथल्या कारकुनांना आम्ही शिक्केकाका म्हणतो. त्यांच्याकडे धावत गेले. त्यांनी चष्मा वर केला. "अगं, मजकूर सगळ्यांवर तोच आहे. एक मजकूर, एक हरकत. सुनावणीला एक माणूस, तीन मिनिटं."

"पण माणसं चारशे बारा आहेत, काका!"

"माणसं आम्ही मोजत नाही गं. हरकती मोजतो."

मजकूर मी लिहिला होता. काय ती भाषा! "उपरोक्त भूखंड", "उपजीविकेचे एकमेव साधन". मी कामाला जाते त्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप केला, मालकांना सांगून प्रती काढल्या, घरोघर जाऊन सह्या घेतल्या. वस्तीतली पहिली पदवीधर ना मी! सगळ्यांचं काम सोपं केलं. एवढं सोपं की आता ते कामच उरलं नाही.

४ मार्च, बुधवार

नियम सापडला. आराखड्याच्या जाहीर सूचनेच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, कलम नऊ. "समान मजकुराच्या हरकती एकच समजण्यात येतील."

ही सूचना पालिकेनं आमच्याच दुकानातून झेरॉक्स करून नेली होती. दोनशे प्रती, पाठपोट. मशीनवर मी होते. दोनशे वेळा तो नियम माझ्या हाताखालून गेला!

मालक म्हणाले, "चूक सगळ्यांकडून होते." मग, "पण चारशे बारा प्रतींत नाही होत." आणि हसले. मला मशीनचं झाकण त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

५ मार्च, गुरुवार

नगररचनेच्या साहेबांना भेटले. बाहेर दीड तास बसवलं, आत गेल्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं. आमचा कागद समोरच होता. "फारच सुरेख मसुदा आहे. कोणी केला?"

मी, म्हटलं.

"शाब्बास! असे तरुण पुढे यायला हवेत."

आणि मी थँक्यू म्हटलं. थँक्यू! आत्ता लिहितानाही कान तापतात.

मग विचारलं, नकाशात आमच्या मैदानावर "मोकळी, वापरात नसलेली जागा" असं का लिहिलंय? तिथे रोज तीन इस्पितळांच्या आणि सहा हॉटेलांच्या चादरी वाळतात. त्यांनी फाईल चाळली. "सर्वेक्षण झालेलं आहे." कोणत्या तारखेला? त्यांनी तारीख वाचली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सोमवार.

सोमवारी आमची सुट्टी असते. रविवारी संध्याकाळी सगळ्या दोऱ्या सोडून, गुंडाळून घरात ठेवतात, नाहीतर उन्हानं विरतात. सोमवारी त्या मैदानात खांबांशिवाय काही दिसत नाही. आठवड्यातला नेमका तोच एक दिवस निवडला सर्वेक्षण करणाऱ्यानं! आता त्या मैदानावर चार मजली पार्किंग उभं राहणार.

"हा चांगला मुद्दा आहे," साहेब म्हणाले. "सुनावणीत मांडा."

"तीन मिनिटांत?"

"मुद्देसूद बोललं तर तीन मिनिटं खूप होतात."

उठता उठता विचारलं, प्रत्येकानं आपापली वेगळी हरकत आता दिली तर? म्हणाले, ज्याची सही एकदा झाली त्याला दुसरी देता येत नाही. पहिली मागे घेतली तरच. मागे कोण घेऊ शकतं? "अर्जावर पहिली सही ज्याची, तो." मुदत तेरा तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत. प्रत्येकानं स्वतः यायचं.

पहिली सही माझी आहे.

६ मार्च, शुक्रवार

आई बोलत नाही. भांडी बोलतायत.

७ मार्च, शनिवार

मैदानात सगळ्यांना बोलावून खरं सांगून टाकलं. लपवून काय करणार? ज्यांना माझ्यामुळे एकच आकडा मिळाला त्यांना तो का मिळाला हे कळायला हवं.

भट्टीवाल्या काकू, ज्यांच्या भट्टीत अख्ख्या वस्तीच्या चादरी उकळतात, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मी अंगठा दिला तो तुझ्याच अंगठ्यात गेला?"

कोणीतरी मागून, "कॉलेजात हेच शिकवलं का गं?" हशा. मी पण हसले, हसायला नको होतं.

मी म्हटलं, सगळे आपापलं सांगा, मी वेगवेगळं लिहून देते. बाबा इस्त्रीच्या टेबलामागून ओरडले, "पुन्हा तूच लिहिणार?" चारचौघांत. माझ्या बाबांनी.

पण त्यांचं चूक नव्हतं.

९ मार्च, सोमवार

सुट्टीचा दिवस. वही घेऊन खांबाशी बसले. सकाळी कोणी फिरकलं नाही. दहा वाजता आईच आली, समोर मांडी घालून बसली, अनोळखी बाईसारखी. "लिही."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मग म्हणाली, वाच. मी वाचलं : "मैदान गेल्यास माझ्या व्यवसायावर प्रतिकूल परिणाम होईल."

"हे मी कधी म्हणाले?"

"तोच अर्थ आहे आई."

"अर्थ नको. मी म्हणाले ते लिही."

खोडलं. परत लिहिलं. "दोन वाजता ऊन बँकेच्या इमारतीमागे जातं. तेव्हा सगळ्या ओल्या चादरी उचलून पलीकडच्या दोऱ्यांवर न्यायच्या. बावीस वर्षं नेते. पलीकडची बाजू गेली तर मी त्या कुठे नेऊ? पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर? तिथवर मला सोडतील का?"

वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. "आता माझं आहे."

मग काकू आल्या. "माझी हरकत एवढीच. आमच्याकडे पाहुणाही विचारून येतो. हा नकाशावाला सुट्टीच्या दिवशी आला, एका दाराची कडी वाजवली नाही, आणि लिहून गेला की इथे कोणी राबत नाही. आता रविवारी यायला सांगा. मी भट्टीवर चहा ठेवते."

संध्याकाळपर्यंत एकोणतीस झाले. कोणाही दोघांचं सारखं नाही! बोटं दुखतायत. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

१० मार्च, मंगळवार

पंचेचाळीस अजून. काकूंना स्वतःचंच परत परत ऐकायचं असतं. आज तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

११ मार्च, बुधवार

पलीकडच्या गल्लीतला टेम्पोवाला आला, आमच्या चादरी इस्पितळात पोचवणारा. म्हणाला, "लिही, मला पार्किंग पाहिजे. माझा टेम्पो रोज कोणीतरी ओरबाडतं."

"मग त्या कागदावर सही का केलीत?"

"तुझी आई समोर उभी होती की! तिला नाही म्हणतो का कोणी?"

असे अजून किती असतील? मी घरोघर गेले तेव्हा कोणाला विचारलं होतं का, तुला काय वाटतं म्हणून? पेन पुढे केलं होतं फक्त. साहेबांवर एवढी आग पाखडली, आणि माझा सर्व्हे तरी काय वेगळा होता!

त्याचंही लिहिलं. अक्षर न् अक्षर.

संध्याकाळी पुन्हा सगळे जमले. एकशे सोळा वेगळे कागद तयार. मी सांगितलं, आता पहिली हरकत मागे घ्यावी लागेल, तरच हे घेतील. गडबड सुरू. मागे घेतली आणि हे नाकारले तर? कामाच्या दिवशी एवढे जण रांगेत कसे येणार? इस्पितळवाले थांबतात का? "एक तर एक, पण आत आहे ना!" बाबा म्हणाले. हात वर करायला लावले. पहिलीच ठेवा म्हणणारे एवढे, की मोजायचीही गरज नव्हती. काकूंचा हात वर. ज्यांनी माझ्यासमोर बसून सांगितलं त्यांतल्या कितीतरी जणांचा वर.

आईचाही.

घरी येताना म्हणाली, "चिडू नकोस. भीती वाटते गं." मी चिडले. अजून चिडलेलीच आहे. भीती मला वाटत नाही का?

१२ मार्च, गुरुवार

मशीनवर ठेवलेला कागद वाचायचा नाही, हा आमच्या दुकानातला पहिला नियम. पालिकेचं काम त्याच भरवशावर येतं. आज दुपारी शिपाई तीस प्रती काढायला कागद घेऊन आला आणि मी वाचला. सुनावणीनंतर द्यायच्या उत्तरांचा मसुदा. सुनावणी वीस तारखेला आहे!

"हरकत क्र. १८. हरकतदार : एक. जागा वापरात नसल्याचे सर्वेक्षणात आढळले आहे. प्रतिनिधीचे म्हणणे ऐकले. हरकत अमान्य."

"ऐकले." कोणाचं? मी अजून तोंड उघडलेलं नाही!

तीस प्रती काढल्या. स्टेपल केल्या. शिपायाच्या हातात दिल्या. वस्तीत सांगितलं तर कुठून कळलं विचारतील, आणि पहिल्या दिवसापासून माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या मालकांचं काम जाईल. घरी आले तर बाबा म्हणाले, "मैदानाचं नाव काढू नकोस. ठरलंय ते ठरलंय."

नाही काढलं.

१३ मार्च, शुक्रवार

दहा चाळीस. आवक विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

हरकत क्रमांक अठरा मी मागे घेतली. माझ्या एकटीच्या सहीनं. शिक्केकाकांनी दोनदा विचारलं, "घरी विचारलंस ना?" हो म्हटलं. खोटं. त्यांनी शिक्का मारला, पोच दिली.

या घडीला आमच्या मैदानाच्या बाजूनं पालिकेत एकही कागद नाही. पाच वाजायला सहा तास वीस मिनिटं आहेत. आता मैदानात जाऊन सांगायचं आहे. आईला आधी.