तुझ्या ताटातली भाकरी

चि. सौ. सुवर्णास आशीर्वाद.

तू अंबडला कामाला गेल्यापासून तुझ्या ईश्वरीला अंगणवाडीत मीच नेते. काल ताईंनी तिची उंची मोजली. चार वर्षांची पोर, पण उंची अडीच वर्षांच्या लेकराएवढी. ताई म्हणाल्या, "आजी, हे पोटापासूनच सुरू होतं. आईला पोटभर मिळायला हवं."

तू गरोदर असताना "कमी खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपणात अडशील," म्हणत तुझ्या ताटातली भाकरी मीच उचलायचे.

आज अंगणवाडीतल्या बैठकीत सगळ्या बायांसमोर हे कबूल केलं. ते ऐकून बैठकीनंतरच्या जेवणात एका सासूनं आपल्या गरोदर सुनेच्या ताटात स्वतःचं अंडं ठेवलं.

परक्या बायांना सांगता आलं गं. तुला हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. फार थकले.

तुझी सासू,
चंद्रभागा